सिम्युलेटरमधलं विमान सुरू होत नाही? आधी पंख्याकडे पाहा

"भाऊ, पंखा त फिरते, पण इंजन काही धरत नाही." गावाकडच्या पोराचा असा मेसेज आला की निम्मं काम झालेलं असतं. नुसतं "विमान चालू होत नाही" म्हटलं तर काहीच कळत नाही. पंखा, म्हणजे विमानाचा प्रोपेलर, फिरतच नसेल तर दोष विजेचा किंवा किल्लीचा. फिरतोय पण इंजिन पकडत नसेल तर इंधन किंवा ठिणगी. हे एवढं ठरल्याशिवाय एकाही बटणाला हात लावू नका.

पुढचं सगळं सेसना १७२ डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे. शिकणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा हेच विमान येतं. फुकट मिळणाऱ्या फ्लाइटगिअर या सिम्युलेटरमध्ये तर उघडल्याबरोबर १७२पी (१७२चाच एक प्रकार) समोर उभं असतं, त्यामुळे अमरावती-अकोल्याहून आणलेल्या सेकंडहँड पीसीवर पोरं तेच घेऊन बसतात. कळाही फ्लाइटगिअरच्याच सांगतो. एक्स-प्लेन किंवा मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये कळा बदलतील, शोधायची पद्धत तीच.

ऑटोस्टार्ट एकदाच, तेही तपासायला

फ्लाइटगिअरमध्ये विमानाच्या मेनूत ऑटोस्टार्ट, म्हणजे इंजिन आपोआप सुरू करायची सोय, आहे, मायक्रोसॉफ्टमध्ये कंट्रोल आणि ई. ते दाबून इंजिन सुरू झालं तर विमान ठणठणीत आहे, चूक आपल्या क्रमात किंवा कळांत आहे. एवढं कळलं की इंजिन बंद करा आणि हाताने सुरू करायला घ्या. रोज ऑटोस्टार्टवरच उडणाऱ्याला कॉकपिट कधी समजत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग कीबोर्ड

हे कारण इंग्रजी मॅन्युअलमध्ये सापडणार नाही, पण आपल्याकडे फार आढळतं. त्याच कॉम्प्युटरवर सातबाऱ्याचे नाहीतर पीकविम्याचे अर्ज मराठीत टाइप होतात आणि कीबोर्ड मराठीवरच राहून जातो. फ्लाइटगिअर अक्षर ओळखतं. एसच्या कळेवरून मात्रा उमटत असेल तर स्टार्टर कसा फिरणार? विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणा.

कॅप्स लॉकही बघा. लहान एमने इंधन-हवेचं मिश्रण घट्ट होतं, म्हणजे इंधन वाढतं. मोठ्या एमने पातळ होतं. कॅप्स लॉक चालू असेल तर तुम्ही इंधन वाढवतोय असं समजून ते तोडत बसता, आणि एस दाबूनही स्टार्टर हलत नाही. स्विचवर क्लिक करून काहीच होत नसेल तर चुकून टॅब दाबला गेला असेल. माउसचा बाण जाऊन अधिकचं चिन्ह आलं असेल तर बाण परत येईपर्यंत टॅब दाबा. कुठे क्लिक करता येतं ते कंट्रोल आणि सी दाबून दिसतं.

पंखा फिरतच नाही

लाल मास्टर स्विच दोन भागांचा असतो: उजवा बॅटरीचा, डावा अल्टरनेटरचा. बॅटरीचा भाग दाबा आणि नजर इंधनाच्या काट्यांवर ठेवा. टाकीत इंधन असेल तर काटे उठले पाहिजेत. ते पडूनच राहिले तर बॅटरी उतरली आहे. रेडिओ नि दिवे चालू ठेवून अर्धा तास चेकलिस्ट वाचत बसलं की असं होतं. मेनूत बाहेरून वीज जोडायची सोय असेल तर ती वापरा, नाहीतर विमान नव्याने लोड करा.

काटे उठले, तरी पंखा स्तब्ध? मग मॅग्नेटोची (ठिणगी देणाऱ्या यंत्राची) किल्ली बंदवर असेल. शिफ्ट धरून पीच्या उजवीकडची दुसरी कळ तीनदा दाबा. किल्ली उजवा, डावा असं करत 'दोन्ही'वर येते. आता एस दाबून धरा. नुसतं टिचकी मारून भागत नाही.

फिरतो, पण पकडत नाही

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. दोन सीटच्या मधे, खाली कोणत्या टाकीतलं इंधन घ्यायचं ते ठरवणारा खटका असतो. तो 'दोन्ही'वर हवा. टाकीत खरंच इंधन आहे का, तेही मेनूत बघून घ्या.

मग मिश्रणाची लाल मूठ. १७२पीमध्ये ती पूर्ण आत हवी. जॉयस्टिक लावली असेल तर संशय पहिला तिच्यावर घ्या. तिचा एखादा सरकता दांडा नकळत मिश्रणाला जोडलेला असतो किंवा उलटा चालत असतो. तुम्ही स्क्रीनवर मूठ आत ढकलता, जॉयस्टिक ती परत बाहेर ओढते. जॉयस्टिक काढून एकदा कीबोर्डवर करून बघा, लगेच उलगडा होईल.

थंड इंजिनाला प्रायमर, म्हणजे सुरू करण्याआधी थोडं इंधन आत ढकलणारा हातपंप, लागतो. १७२पीच्या पुस्तिकेत २ ते ६ स्ट्रोक सांगितले आहेत, इंजिन गरम असेल तर एकही नाही. उत्साहात दहा-बारा मारले तर जुन्या स्कूटरसारखं इंजिन ओव्हर होतं. मग मिश्रण पूर्ण बाहेर ओढा, थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवणारी मूठ) पूर्ण उघडा आणि स्टार्टरवर पंखा काही फेरे फिरू द्या. साचलेलं इंधन निघून जातं. त्यानंतर प्रायमर न मारता नेहमीच्या क्रमाने सुरू करा.

१७२एसचं गणित मात्र वेगळं आहे, आणि पीवर शिकलेले इथे हटकून अडकतात. एसच्या इंजिनात कार्ब्युरेटर नाही, इंधन थेट इंजेक्शनने जातं, म्हणून प्रायमरही नाही. थंड इंजिनाला आधी इंधनाचा जोडपंप (ऑक्झिलरी फ्युएल पंप) चालू करायचा, इंधनप्रवाहाचा काटा स्थिर होईपर्यंत म्हणजे ३ ते ५ सेकंद मिश्रण आत ठेवायचं, परत पूर्ण बाहेर ओढायचं, पंप बंद करायचा. मग थ्रॉटल जेमतेम पाव इंच उघडून स्टार्टर द्यायचा, आणि इंजिनाने पकडल्याबरोबर मूठ आत. पीच्या सवयीने मूठ आधीपासून आत ठेवली तर इंजिन ओव्हर होण्याचीच शक्यता जास्त.

सुरू होऊन लगेच बंद पडलं तर

थ्रॉटल फार कमी आहे किंवा मिश्रणाची मूठ पुरती आत गेलेली नाही. इंजिन मिनिटाला १००० फेऱ्यांच्या आसपास धरा आणि ऑइल प्रेशरचा काटा बघा. ३० सेकंदांत तो हिरव्या पट्ट्याकडे सरकला नाही तर इंजिन बंद करा. खऱ्या विमानातही हाच नियम आहे, फक्त कडाक्याच्या थंडीत थोडी सूट मिळते.

मे महिन्यात नागपूरचं चालू हवामान लावून बसलात तर ४५ अंशांना दोष देऊ नका. ते ऊन सिम्युलेटरमध्ये सहसा टेकऑफला जाणवतं, धावपट्टी जास्त खाल्ली जाते. इंजिन सुरू न होण्याचं कारण दुसरीकडेच शोधा.

काही विमानांत मागची स्थिती जपून ठेवायचा पर्याय असतो. तो चालू असेल तर आज बॅटरी चालू ठेवून उठलात की उद्या उतरलेली मिळेल. म्हणून उठण्याआधी रेडिओ बंद करा, मिश्रण बाहेर ओढा, पंखा थांबला की किल्ली बंदवर आणा, मग मास्टर बंद करा. लाईन जायची वेळ ठरलेली असेल तर हे दहा मिनिटं आधीच उरका.