ट्रक, लॉरी, सेमी की आर्टिक? देशागणिक बदलणारी अवजड गाड्यांची इंग्रजी नावं कशी निवडायची

निर्यातीच्या कागदपत्रांत, परदेशातल्या ड्रायव्हरच्या नोकरीच्या अर्जात किंवा अपघाताच्या बातमीच्या भाषांतरात मोठ्या गाडीचं इंग्रजी नाव चुकलं, की वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे भलतीच गाडी उभी राहते. शब्दकोश इथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण तो ‘लॉरी म्हणजे ट्रक’ एवढं सांगून मोकळा होतो. त्यापेक्षा नाव शेवटी ठरवावं. आधी गाडीबद्दल तीन गोष्टी पक्क्या कराव्यात: ती एकसंध आहे की जोडलेली, एक्सल किती, आणि मालासकट वजन किती. वाचणारा कोणत्या देशातला आहे, हे त्यानंतर बघायचं.

आधी सांधा बघा

केबिन आणि माल ठेवायचा हौदा एकाच चासीवर असेल तर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत ती ‘रिजिड’. अमेरिका आणि कॅनडात तीच ‘स्ट्रेट ट्रक’. ‘रिजिड ट्रक’ म्हटलं तर अमेरिकन माणसाला अंदाज येईल, पण तिथल्या नोकरीच्या जाहिरातीत तो शब्द शोधायला जाऊ नका.

जोडलेल्या गाडीत पुढच्या भागाच्या पाठीवर ग्रीस लावलेली, मागे खाच असलेली जाड लोखंडी तबकडी असते. ट्रेलरच्या पोटाखालची किंगपिन, सर्रास २ इंच जाडीची, त्या खाचेत अडकते. या तबकडीला बहुतेक सगळीकडे ‘फिफ्थ व्हील’च म्हणतात. फक्त अमेरिकेत पिकअपच्या मागे ओढायच्या एका प्रकारच्या राहत्या घराच्या ट्रेलरलाही तेच नाव आहे, तेव्हा संदर्भ बघावा.

या जोडगाडीच्या पुढच्या, इंजिनाच्या भागाचं नाव हा सगळ्यांत मोठा सापळा. अमेरिकेत तो ‘ट्रॅक्टर’. ब्रिटनमध्ये ‘ट्रॅक्टर युनिट’, बोलताना नुसतं ‘युनिट’. ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूरमध्ये ‘प्राइम मूव्हर’. दक्षिण आफ्रिकेत ‘हॉर्स’. आपल्याकडे ट्रेलरवाले हॉर्स किंवा घोडा म्हणतात आणि अतिअवजड माल ओढणारे ‘पुलर’. म्हणजे अमेरिकेतल्या हायवेवरच्या अपघाताच्या बातमीत ‘ट्रॅक्टर’ आला, तर तो शेतातला ट्रॅक्टर नसण्याचीच शक्यता जास्त.

एक वाक्य फोडून बघू. अमेरिकन बातमी म्हणते: ‘अ बॉबटेल ट्रॅक्टर रिअर-एंडेड अ सेमी हॉलिंग अ रीफर.’ बॉबटेल म्हणजे मागे ट्रेलर न जोडता धावणारा घोडा. सेमी म्हणजे पूर्ण जोडगाडी. रीफर म्हणजे शीतपेटीचा ट्रेलर. मराठीत: ‘ट्रेलर न जोडलेल्या ट्रेलर-हॉर्सने शीतपेटीचा ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला मागून धडक दिली.’ हीच घटना ब्रिटिश माणूस सांगेल तेव्हा पुढचा भाग ‘सोलो’ धावणारा ‘युनिट’ होतो, मागची गाडी ‘आर्टिक’ होते आणि रीफरचा ‘फ्रिज ट्रेलर’. एकही महत्त्वाचा शब्द सामाईक राहत नाही. बॉबटेलची आणखी एक गंमत म्हणजे अमेरिकेतच घरगुती गॅस पोचवणाऱ्या छोट्या टँकरलाही बॉबटेल म्हणतात.

पूर्ण जोडगाडीला काय म्हणायचं

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ‘आर्टिक’, म्हणजे ‘आर्टिक्युलेटेड लॉरी’चं लघुरूप. जोर ‘टिक’वर येतो, ‘आर्’वर जोर दिला तर ते उत्तर ध्रुवाकडचं काहीतरी वाटतं. उत्तर इंग्लंडमध्ये लॉरीला ‘वॅगन’ म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि रिजिडच्या मागे दांड्याने जोडलेला ट्रेलर असेल तर ती ‘वॅगन अँड ड्रॅग’. ब्रिटिश वर्तमानपत्रांत ‘जगरनॉट’ दिसेल. गावातल्या अरुंद रस्त्यातून धडधडत जाणाऱ्या प्रचंड लॉरीबद्दल तक्रारीच्या सुरात वापरायचा हा शब्द थेट पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून आलेला आहे. बातमीत चालेल, कोटेशनमध्ये नको.

अमेरिकेत एकाच गाडीची नावं प्रांताप्रमाणे बदलतात. ईशान्येकडे ‘ट्रॅक्टर-ट्रेलर’, मध्य-पश्चिमेत ‘सेमी’, टेक्सास आणि दक्षिणेत ‘एटीन-व्हीलर’, कॅलिफोर्नियात ‘बिग रिग’ हे विशेष ऐकू येतं. कॅरोलायना आणि व्हर्जिनियाच्या काही भागांत ‘ट्रान्सफर ट्रक’ म्हणतात, जो बाकी अमेरिकेलाही चटकन कळत नाही. सेमीचा उच्चार ‘सेमी’ आणि ‘सेमाय’ असा दोन्ही ऐकू येतो. यांतलं सगळीकडे चालणारं, कागदोपत्री नाव हवं असेल तर ‘ट्रॅक्टर-ट्रेलर’ घ्यावं. कॅनडात, विशेषतः ऑन्टारियोत, ‘ट्रान्सपोर्ट ट्रक’ किंवा नुसतं ‘ट्रान्सपोर्ट’ म्हणतात.

ऑस्ट्रेलियात ‘सेमी’. दक्षिण आफ्रिकेत ‘हॉर्स अँड ट्रेलर’. घानात ‘आर्टिक्युलेटर’. नायजेरिया, मलेशिया, आखाती देश आणि भारत या सगळ्यांत पूर्ण गाडीला बोलीभाषेत ‘ट्रेलर’ म्हणतात. ब्रिटिश किंवा अमेरिकन वाचकाला मात्र ट्रेलर म्हणजे फक्त मागचा, इंजिन नसलेला भाग. ‘वी हॅव टेन ट्रेलर्स’ असं त्यांना लिहिलं, तर ओढायला गाडी कोण देणार असा प्रश्न उलट येतो.

‘ट्रक’ आणि ‘लॉरी’

लॉरी हा शब्द ब्रिटन, आयर्लंड, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग, केनिया आणि आपल्या दक्षिणेत चालतो. तमिळनाडूतल्या नामक्कलला गेलात तर तिथे सगळा व्यवसायच लॉरीचा. महाराष्ट्रात मात्र ट्रक. ऑस्ट्रेलियात आणि उत्तर अमेरिकेत लॉरी समजते, पण परकी वाटते.

अमेरिकेत ‘ट्रक’ हा शब्द उलट फार सैल आहे. ‘आय ड्राइव्ह अ ट्रक’ म्हणणाऱ्याकडे बहुतेकदा पिकअप असतो. तीच पिकअप ऑस्ट्रेलियात ‘यूट’ आणि दक्षिण आफ्रिकेत ‘बाकी’. म्हणून अमेरिकन मजकुरात नुसता ‘ट्रक’ आला तर वजन किंवा एक्सल कुठे दिलंय का ते शोधल्याशिवाय त्याचं ‘मालट्रक’ करू नका. घानात ‘लॉरी पार्क’ किंवा ‘लॉरी स्टेशन’ म्हणजे माणसांच्या गाड्या सुटतात तो अड्डा, आपल्याकडच्या एसटी स्टँडच्या जवळ जाणारा. तिथे माल पाठवायचा पत्ता म्हणून तो लिहू नये.

चाकं मोजण्याच्या दोन पद्धती

हा भाग नीट समजून घ्या; सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. भारतात, अमेरिकेत आणि फिलिपिन्समध्ये टायर मोजतात. ब्रिटनमध्ये चाकाच्या जागा मोजतात, म्हणजे जोडटायर असला तरी ते एक चाक.

अमेरिकन एटीन-व्हीलरचा हिशेब असा: पुढच्या एक्सलवर २, मागच्या दोन ओढत्या एक्सलवर ४ आणि ४, ट्रेलरच्या दोन एक्सलवर ४ आणि ४. एकूण १८. आपला दहाचाकी म्हणजे २, ४, ४. ब्रिटिश हिशेबात तो ‘सिक्स-व्हीलर’. आपला बाराचाकी, ज्याला पुढे दोन वळते एक्सल असतात, म्हणजे २, २, ४, ४. ब्रिटनमध्ये हाच ‘एट-व्हीलर’. ‘ट्वेल्व्ह-व्हीलर’ असं ब्रिटिश ग्राहकाला लिहिलं तर तो सहा एक्सलची गाडी डोळ्यापुढे आणेल. आपला बावीसचाकी ट्रेलर म्हणजे १० टायरचा घोडा आणि तीन एक्सलवर १२ टायर. ब्रिटनमध्ये ट्रेलरच्या तीन एक्सलना बहुधा रुंद एकेरी टायर असतात, त्यामुळे तिथे टायर मोजून काहीच कळत नाही. ते ‘सिक्स-ॲक्सल आर्टिक’ म्हणतात.

यातून सुटायचा मार्ग सोपा आहे. चाकांची संख्या लिहूच नका, एक्सल लिहा. त्याच्या जोडीला ६×४ किंवा ८×४ अशी खूण द्या: पहिला आकडा चाकांच्या जागा, दुसरा त्यांपैकी इंजिनाचा जोर मिळणाऱ्या. ही खूण सगळ्या देशांत एकाच अर्थाने वाचली जाते.

एकाहून जास्त ट्रेलर

ऑस्ट्रेलियात एका प्राइम मूव्हरमागे दोन सेमी-ट्रेलर (ज्यांचं पुढचं टोक ओढणाऱ्या भागावर टेकतं असे), आणि पहिल्या ट्रेलरच्या मागच्या टोकावरच दुसऱ्यासाठी फिफ्थ व्हील असेल, तर ती ‘बी-डबल’. कॅनडा आणि न्यूझीलंडमध्ये हीच ‘बी-ट्रेन’. दक्षिण आफ्रिकेत ‘इंटरलिंक’ किंवा ‘सुपरलिंक’. रिजिड टिपरमागे पुढेमागे एक्सल असलेला ट्रेलर जोडला की ऑस्ट्रेलियन लोक त्याला ‘ट्रक अँड डॉग’ म्हणतात. कुत्र्याचा संबंध नाही. ‘डॉग ट्रेलर’ हा त्या ट्रेलरचा प्रकार.

‘रोड ट्रेन’ वाचताना देश बघाच. ऑस्ट्रेलियात ती ५३.५ मीटरपर्यंत लांब असू शकते. युरोपीय संघाच्या नियमांत मात्र ‘रोड ट्रेन’ म्हणजे साधा रिजिड आणि दांड्याने जोडलेला ट्रेलर, कमाल लांबी १८.७५ मीटर.

हौद्याचे प्रकार

आपण डंपर किंवा हायवा म्हणतो त्याला ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात ‘टिपर’, अमेरिकेत ‘डंप ट्रक’. हायवा हे हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या कंपनीचं नाव, परदेशी ग्राहकाला गाडीचं नाव म्हणून ते कळणार नाही. ब्रिटनमध्ये ‘डंपर’ म्हणजे बांधकामावर फिरणारं, पुढे हौदा असलेलं छोटं यंत्र. ‘टेम्पो’ही लिहू नका. तो बजाज टेम्पोच्या नावावरून आपल्याकडे रुळला. बाहेर त्याचा गाडीशी संबंध क्वचितच कुणी लावतो.

न्हावाशेव्याहून माल पाठवणाऱ्यांनी ‘कंटेनर’ जपून वापरावा. आपण बंद हौद्याच्या ट्रकलाच कंटेनर म्हणतो. बाहेर कंटेनर म्हणजे जहाजावर चढणारी २० किंवा ४० फुटी सुटी पेटी. ती वाहून नेणाऱ्या सांगाडा ट्रेलरला ब्रिटनमध्ये ‘स्केलेटल’, ऑस्ट्रेलियात ‘स्केल’, अमेरिकेत ‘चॅसी’. आपला बंद हौद्याचा ट्रक अमेरिकेत ‘बॉक्स ट्रक’. यंत्रं नेणारा खालच्या पातळीचा ट्रेलर ब्रिटनमध्ये ‘लो लोडर’, अमेरिकेत ‘लोबॉय’, कॅनडात ‘लोबेड’ किंवा ‘फ्लोट’. बाजूला पडदे असलेला ‘कर्टनसायडर’ ऑस्ट्रेलियात ‘टॉटलायनर’ होतो.

वजन, लघुरूपं आणि परवाने

‘हेवी’ कुठून सुरू होतं, हे देशागणिक वेगळं आहे. ब्रिटनमध्ये ३,५०० किलोच्या वर एचजीव्ही, म्हणजे ‘हेवी गुड्स व्हेईकल’. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे १२,००० किलोच्या वर. अमेरिकेत व्यावसायिक परवान्याची वजनाची रेषा २६,००१ पौंडांवर, म्हणजे साधारण ११,८०० किलोंवर.

‘एलजीव्ही’तला एल ब्रिटिश परवान्यांच्या भाषेत ‘लार्ज’, आपल्या आरसीवर ‘लाइट’. ‘एचपीएमव्ही’ आपल्या लायसन्सवर अवजड प्रवासी वाहन, न्यूझीलंडमध्ये जास्त वजनाची परवानगी असलेली मालगाडी. अशी लघुरूपं पूर्ण शब्दांत लिहून द्यावीत. भारित वजनाला अमेरिकेत जीव्हीडब्ल्यूआर (ग्रॉस व्हेईकल वेट रेटिंग), ऑस्ट्रेलियात जीव्हीएम (ग्रॉस व्हेईकल मास) आणि पूर्ण जोडगाडीचं जीसीएम (ग्रॉस कॉम्बिनेशन मास). गाडीला मंजूर असलेल्या वजनासाठीचा आपला ‘पासिंग’ शब्द इंग्रजीत तसाच उतरवू नका. ‘पेलोड’ की ‘ग्रॉस’ ते स्पष्ट करा. अमेरिकन ‘टन’ ९०७ किलोंचा असतो, म्हणून आकडा किलोत द्यावा. अमेरिकेतली इंटरस्टेट महामार्गांवरची नेहमीची कमाल मर्यादा ८०,००० पौंड, सुमारे ३६,२९० किलो. ब्रिटनमध्ये सहा एक्सलच्या आर्टिकला ४४ टन.

परवान्याचे वर्ग जाहिरातीत असे दिसतील. ब्रिटनमध्ये ‘क्लास टू’ म्हणजे रिजिड, कागदावर सी. ‘क्लास वन’ म्हणजे आर्टिक, कागदावर सीई. अमेरिकेत एकसंध गाडीला बी आणि जोडगाडीला ए. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत जोडगाडीला क्लास १, ऑन्टारियोत ‘एझेड’, ज्यातला झेड एअर ब्रेकचा. ऑस्ट्रेलियात तीन एक्सलच्या रिजिडला एचआर, सेमीला एचसी, बी-डबल आणि रोड ट्रेनला एमसी.

आता अर्जातली एक ओळ घेऊ: ‘बाराचाकी डंपर आणि ४० फुटी ट्रेलर चालवला, त्याआधी क्लीनर.’ ब्रिटनसाठी ती अशी होते: ‘फोर-ॲक्सल रिजिड टिपर, ८×४, आर्टिक विथ ४०-फूट ट्रेलर, बिफोर दॅट, ड्रायव्हर्स मेट.’ गाडी खरंच ८×४ आहे की एकच एक्सल ओढणारी ८×२, हे कंपनीच्या माहितीपत्रकात पाहून घ्या. अमेरिकेसाठी रिजिड टिपरचा ‘डंप ट्रक’, आर्टिकचा ‘ट्रॅक्टर-ट्रेलर’. ऑस्ट्रेलियासाठी ‘टिपर’ तसाच, आर्टिकचा ‘सेमी’. ‘क्लीनर’ मात्र कुठेच ठेवू नका. तो वाचून समोरचा समजतो की उमेदवार गाड्या धूत होता.