घराच्या मुख्य दाराला हाय-सिक्युरिटी कुलूप कसं बसवावं

महागडं कुलूप आणलं, डब्यात आलेल्या चार बारीक स्क्रूंनी चौकटीवर पट्टी ठोकली, की दार पक्कं झालं असं अनेकांना वाटतं. पण घरफोडी करणारा सहसा कुलपाच्या आतल्या बारीक पिना चाळवत बसत नाही. तो दाराला लाथ घालतो, पहारीने चौकट फाकवतो किंवा बाहेर डोकावणारा सिलिंडर, म्हणजे किल्ली घालायचा कुलपाचा भाग, पकडीत धरून मोडतो. लाथ बसल्यावर कुलूप बहुधा शाबूत राहतं. फाटतं ते चौकटीचं लाकूड, जिथे २० मिमीचे स्क्रू जेमतेम रुतलेले असतात. त्यामुळे खालच्या कामात सर्वांत जास्त वेळ चौकटीला द्या. कुलूप बसवणं त्या मानाने सोपं आहे.

आधी दार बघा

दार भरीव लाकडाचं किंवा भरीव गाभ्याचं हवं. बोटाच्या पेराने ठोकून बघा. ढोलासारखा पोकळ आवाज आला, तर त्या दारावर कोणतंही कुलूप वाया जाईल. आधी दार बदला. मॉर्टिस कुलूप, म्हणजे दाराच्या कडेत खाच पाडून आत बसणारं कुलूप, लावायचं तर दाराची जाडी किमान ४० मिमी असावी. कुलपाची पेटी साधारण १६ मिमी जाड असते. ४४ मिमीच्या दारात दोन्ही बाजूंना १४-१४ मिमी लाकूड उरतं, ते ठीक आहे. ३५ मिमीच्या दारात साडेनऊ-साडेनऊ मिमीच उरतं आणि दाराचा तोच भाग सर्वांत कमकुवत होऊन बसतो. अशा दाराला आतल्या अंगाला पृष्ठभागावर बसणारं रिम लॉक लावा.

आता दार बंद करून फट तपासा. कुलपाच्या बाजूला वरपासून खालपर्यंत सारखी ३ मिमीच्या आसपास फट हवी. वर २ आणि खाली ६ मिमी दिसत असेल तर दार लोंबलंय. बिजागऱ्यांचे स्क्रू आवळा, गरज पडल्यास लांब स्क्रू घाला आणि मगच कुलपाला हात लावा. लोंबलेल्या दाराला अचूक बसवलेलं कुलूप काही महिन्यांत अडकू लागतं आणि दोष मात्र कुलपाला दिला जातो.

कुलूप निवडताना

बोल्ट, म्हणजे किल्ली फिरवल्यावर चौकटीत शिरणारा दांडा, पूर्ण बाहेर आल्यावर किमान २० मिमी पुढे आला पाहिजे, २५ मिमी असेल तर उत्तम. सिलिंडरमध्ये ड्रिलला दाद न देणाऱ्या कडक पोलादी पिना, पिकिंग (तारेने पिना उचलून कुलूप उघडणं) आणि बंपिंग (खास किल्ली ठोकून पिना उडवणं) यांविरुद्ध खास आकाराच्या पिना आणि मोडण्यापासून संरक्षण, या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या असाव्यात. डब्यावरचं नुसतं ‘हाय सिक्युरिटी’ काही सांगत नाही. मानकाचा क्रमांक शोधा. युरोपीय ईएन १३०३ मानकात सिलिंडरला आठ खुणांची ओळ दिलेली असते. तिच्यातली सातवी खूण किल्लीशी संबंधित सुरक्षेची (१ ते ६, जितकी मोठी तितकी चांगली) आणि आठवी तोडफोडीला विरोधाची. तिथे शून्य असेल तर तो सिलिंडर बाहेरच्या दारासाठी घेऊ नका. ब्रिटनच्या टीएस ००७ मध्ये तीन तारे सर्वांत वरचे. एक तारा असलेला सिलिंडर आणि दोन ताऱ्यांचं हँडल ही जोडीही तीन ताऱ्यांची धरतात. अमेरिकी प्रतवारीत ग्रेड १ वरचा आणि ग्रेड ३ खालचा, हे उलटं लक्षात राहण्याची शक्यता असते.

आतून किल्ली की नॉब? आग लागली तर अंधारात किल्ली शोधावी लागू नये, म्हणून माणसं झोपतात त्या घरात आतून नॉब असणं शहाणपणाचं. अडचण एकच: दारात किंवा शेजारी काच असेल, तर ती फोडून हात घालून नॉब फिरवता येतो. तिथे काच बदलून लॅमिनेटेड काच (मध्ये प्लास्टिकचा थर असलेली) बसवा. आतून किल्लीचंच कुलूप लावणार असाल, तर किल्ली दाराजवळ पण काचेपासून हात पोचणार नाही अशी ठेवा आणि ती जागा घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू द्या.

आतल्या बाजूला किल्ली राहिली तरी बाहेरून उघडणारा दुहेरी क्लचचा सिलिंडरही मिळतो. घरात एकटं वृद्ध माणूस असेल तर तोच घ्या.

सिलिंडरचं माप

इथे सर्वांत जास्त चुका होतात. सिलिंडरची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजून चालत नाही. मधल्या स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून बाहेरच्या टोकापर्यंत एक माप आणि आतल्या टोकापर्यंत दुसरं, अशी दोन मापं घ्यायची. समजा दार ४५ मिमी जाड आहे आणि कुलूप बरोबर मध्यात आहे. मध्यापासून बाहेरचा पृष्ठभाग २२.५ मिमीवर. बाहेरची प्लेट १० मिमी जाड, म्हणजे ३२.५. आतली प्लेट ७ मिमी, म्हणजे २९.५. सिलिंडर ५-५ मिमीच्या टप्प्यांत मिळतात, म्हणून बाहेर ३५ आणि आत ३० असा घ्यायचा. बाहेरून तो अडीच मिमी पुढे येईल. ३ मिमी ही कमाल मर्यादा समजा. त्याहून जास्त बाहेर आला तर पकडीला धरायला जागा मिळते.

हा सिलिंडर मोडतो ते मधल्या स्क्रूच्या भोकाजवळ, कारण तिथे धातूचा अगदी अरुंद पूल उरलेला असतो. मोडण्याला विरोध करणाऱ्या सिलिंडरच्या बाहेरच्या भागावर मुद्दाम एक खाच पाडलेली असते. जोर दिला की पुढचा तुकडा तिथे तुटतो आणि उरलेला भाग कुलूप बंदच ठेवतो. साहजिकच ती खाच बाहेरच्या बाजूला यायला हवी. सिलिंडर उलटा बसवला की या सगळ्या खर्चावर पाणी.

साहित्य

ड्रिल, कुलपाच्या पेटीच्या जाडीइतकी लाकडाची बिट, १० आणि १९ मिमीच्या बिट, धारदार पटाशी (१२ आणि २५ मिमी), हातोडी, गुण्या, टोकदार सुरी, पेन्सिल, दोन क्लॅम्प आणि दोन लाकडी फळ्या, दाराखाली ठोकायला पाचरी. यांशिवाय ७५ मिमी लांबीचे पोलादी स्क्रू किमान चार, आणि चौकटीमागे वीट किंवा काँक्रीट असेल तर १०० मिमीचे फ्रेम अँकर, म्हणजे चौकट थेट भिंतीला पकडणारे लांब खिळेस्क्रू.

दारात खाच पाडणं

जमिनीपासून ९०० ते १०५० मिमी उंचीवर जागा ठरवा. पट्ट्यांच्या दारात मधली आडवी पट्टी उभ्या पट्टीला जिथे कुसवाने (खाचेत घुसणाऱ्या लाकडी जिभेने) जोडलेली असते, नेमकी ती जागा टाळा. तिथे खाच पाडली तर सांध्याचं कुसूच कापलं जातं आणि दार त्याच ठिकाणी मोडू शकतं. थोडं वर किंवा खाली सरकलात तरी बिघडत नाही.

दार अर्धं उघडून पाचरीने पक्कं करा. कडेवर जाडीच्या बरोबर मध्यातून उभी रेघ ओढा, पेटीची उंची खुणेने दाखवा आणि दाराच्या दोन्ही बाजूंना फळ्या क्लॅम्पने आवळा, म्हणजे काम करताना कड फाटणार नाही. बिटवर चिकटपट्टी गुंडाळून पेटीच्या खोलीपेक्षा २ मिमी जास्त खोलीची खूण करा. पहिली दोन भोकं वरच्या आणि खालच्या टोकाला, मग मधली. प्रत्येक भोकाला ड्रिल दाराच्या बाजूंना समांतर आहे ना, ते दुसऱ्या कुणाला बाजूने बघायला सांगा; थोडी तिरकी गेलेली बिट पृष्ठभागाकडे निघते. मग पटाशीने मधले उंचवटे काढून भिंती सरळ करा. पेटी हाताने ढकलून आत गेली पाहिजे. हातोडीने ठोकावी लागत असेल तर थांबा, बाहेर काढा, आणि लाकडावर जिथे चकाकी उमटली आहे तिथलं खरवडा. ठोकून बसवलेल्या पेटीचा आकार दबतो आणि बोल्ट जड फिरतो.

पेटी आत असतानाच पुढच्या पट्टीभोवती सुरीने रेघ पाडा. पेटी काढून पट्टीच्या जाडीइतकी, बहुधा ३ मिमी, उथळ खाच पटाशीने करा. सुरीची रेघ आधी असली की पटाशी घसरत नाही, हे छोटं वाटलं तरी काम देखणं होतं ते यामुळेच.

आता पेटी दाराच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, कडेशी नेमकी जुळवून धरा आणि हँडलच्या दांडीच्या व सिलिंडरच्या जागेवर खुणा करा. सिलिंडरसाठी वरच्या गोलाला १९ मिमीचं, त्याखाली १० मिमीचं भोक पाडून दोन्ही पटाशीने जोडा. दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं ड्रिल करा. एकाच बाजूने आरपार गेलात तर दुसऱ्या बाजूचा पापुद्रा उडतो.

सिलिंडर घालणं

पेटी दोन स्क्रूंनी बसवा. किल्ली घालून थोडी फिरवा, म्हणजे मधला कॅम (किल्लीबरोबर फिरून बोल्ट हलवणारा दात) सिलिंडरच्या अंगाशी एका रेषेत येईल. त्याशिवाय सिलिंडर आत जात नाही. जुना काढतानाही हीच युक्ती. बाजूचा लांब स्क्रू हाताने आवळा. ड्रिलने ताकद लावून आवळला की सिलिंडर चिमटला जातो आणि किल्ली जड फिरू लागते. मग लोक तेल ओतत बसतात. बाहेरच्या संरक्षक प्लेटचे स्क्रू आतूनच आवळायचे असले पाहिजेत. बाहेर एकही स्क्रूचं डोकं दिसता कामा नये.

चौकटीकडे वळण्याआधी दार उघडं ठेवून सगळ्या किल्ल्या एकेक करून, आतून-बाहेरून फिरवून बघा. दार बंद करून तपासणारा माणूस बाहेर अडकू शकतो.

चौकट: खरी कसोटी

बोल्टच्या टोकाला खडू चोळा, दार लोटून बोल्ट फिरवा. चौकटीवर खूण उमटेल. तिथे भोक पाडा, खोली बोल्टच्या पुढे येण्यापेक्षा किमान ५ मिमी जास्त. भोक उथळ राहिलं तर बोल्ट तळाला टेकून पूर्ण बाहेर येत नाही, आणि अर्धवट आलेला बोल्ट आतल्या आत अडकलेला नसतो. तो मागे ढकलता येतो. किल्ली शेवटपर्यंत फिरत नसेल, तर पहिला संशय या भोकावर घ्या.

स्ट्राइक प्लेट, म्हणजे बोल्ट ज्यात शिरतो ती चौकटीवरची पट्टी, पातळ पत्र्याची आली असेल तर बाजूला ठेवा. लांब, जाड आणि मागे खोलगट पेटी असलेली घ्या. तिचे स्क्रू चौकटीतून मागच्या भिंतीपर्यंत पोचले पाहिजेत. लाकडी सांगाड्याच्या भिंतीत ७५ मिमीचे स्क्रू, वीट-काँक्रीटमध्ये फ्रेम अँकर, जे भिंतीत किमान ५० मिमी रुततील. आधी बारीक भोक पाडा, नाहीतर चौकटीचं लाकूड चिरतं.

एक खबरदारी मात्र विसरू नका. चौकट आणि भिंत यांच्यात बऱ्याचदा पोकळी असते. तशाच स्थितीत लांब स्क्रू आवळला की चौकट भिंतीकडे ओढली जाते, ३ मिमीची फट ६-७ होते आणि बोल्टचा भोकातला शिरकाव तेवढाच कमी होतो. म्हणून स्क्रूच्या मागे पोकळीत घट्ट पाचरी किंवा प्लास्टिकचे तुकडे भरा, मग आवळा आणि आवळताना फट मोजत राहा.

बिजागऱ्यांची बाजू

दार बाहेर उघडणारं असेल तर बिजागऱ्यांच्या पिना बाहेर दिसतात. पिन काढली की दार उलट्या बाजूने निघतं. न निघणाऱ्या पिनांच्या बिजागऱ्या लावा, किंवा वरच्या आणि खालच्या बिजागरीजवळ एकेक हिंज बोल्ट बसवा, जो दार बंद झाल्यावर चौकटीत शिरतो. घाईत करायचा उपाय असा: बिजागरीच्या दोन्ही पाकळ्यांवरचा समोरासमोरचा एक-एक स्क्रू काढा, चौकटीकडच्या भोकात लांब स्क्रू घाला, डोकं कापून १०-१२ मिमी बाहेर ठेवा आणि दाराकडचं भोक थोडं मोठं व खोल करा.

काही नेहमीचे बिघाड

किल्ली दार उघडं असताना सहज फिरते, बंद असताना नाही: स्ट्राइकचं भोक सरकलंय. खडू पुन्हा लावा आणि कानस चालवा, बोल्ट कापू नका. दार दाबल्यावरच कुलूप लागतं: भोक एक-दोन मिमी आतल्या बाजूला हवं. दमट हवेत दार फुगून अडत असेल तर कडेला रंधा मारा आणि उघड्या पडलेल्या लाकडाला लगेच रंग किंवा वॉर्निश लावा, खाचेच्या आतसुद्धा. नाहीतर लाकूड पुन्हा ओल ओढून घेतं. दार उघडं असो वा बंद, किल्ली सारखीच जड: सिलिंडरचा तो बाजूचा लांब स्क्रू अर्धा फेरा सैल करा.

सिलिंडरमध्ये घरातलं तेल कधी घालू नका. तेलाला धूळ चिकटून पिनांभोवती चिखल होतो. कोरडं पीटीएफई (टेफ्लॉनचं वंगण) किंवा ग्राफाइट वर्षातून एकदोनदा पुरतं. पण ग्राफाइट घालत असाल तर ग्राफाइटच, दोन्ही एकत्र नको.

किल्ल्यांबरोबर सुरक्षा कार्ड आलं असेल, तर ते किल्लीच्या जुडग्यात ठेवू नका. नवी किल्ली कापून घ्यायला तेच लागतं, आणि त्याच्यावरचा आकडा ज्याच्या हाती पडेल तोही किल्ली कापून घेऊ शकतो.