आवडती मालिका दुसऱ्याला कशी सुचवावी

‘एखादी चांगली सिरीज सांग ना’ असं कुणी म्हटलं की आपल्याला हुरूप येतो. एका दमात आठ-दहा नावं सांगून होतात, समोरचा मान डोलावतो आणि त्यातली एकही बघत नाही. दहा नावं सांगितली म्हणजे निवडायचं काम पुन्हा त्याच्याच गळ्यात. त्याला हवी असते एकच मालिका, त्याला जमेल अशी, आणि ती का बघावी याचं एखादं खरं कारण.

१. नाव सांगण्याआधी दोन प्रश्न विचारा

‘तुला काय आवडतं?’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. ‘थ्रिलर’, ‘काहीतरी वेगळं’ अशी ठरलेली उत्तरं येतात. त्याऐवजी विचारा: शेवटपर्यंत बघितलेली अलीकडची मालिका कोणती? आणि अर्ध्यात सोडलेली कोणती, कशामुळे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त बोलकं असतं. ‘फार संथ होती’, ‘इतकी माणसं, नावंच लक्षात राहीनात’, ‘रक्तपात बघवेना’ यातलं एक वाक्य मिळालं की तुमच्या यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात.

मालिका कुणासोबत बघणार, हेही विचारून घ्या. एकट्याने हेडफोन लावून बघायची मालिका वेगळी आणि आईवडील, मुलं बसलेल्या खोलीत लावायची वेगळी.

२. तासांचा हिशेब आधी द्या

मालिका सुचवताना आपण त्या माणसाच्या संध्याकाळी मागत असतो, आणि किती ते सांगायचं मात्र विसरतो. ‘ब्रेकिंग बॅड’चे पाच सीझनमध्ये ६२ भाग आहेत. रोज एक बघितला तर दोन महिने लागतात. ‘मॅड मेन’चे ९२ भाग, म्हणजे तीन महिने. याउलट २०१९ची ‘चेर्नोबिल’ पाच भागांत संपते, शनिवार-रविवारात उरकते. ‘शेरलॉक’ फसवी आहे. एका सीझनचे तीनच भाग, पण प्रत्येक सुमारे दीड तासाचा, त्यामुळे ‘झोपण्यापूर्वी एक भाग’ ही सवय तिथे चालत नाही.

ज्याला मालिकांची फारशी सवय नाही त्याला पहिल्यांदा छोटी आणि संपलेली मालिकाच द्यावी, असं माझं ठाम मत आहे. पूर्ण झाल्याचं समाधान मिळालं की तो पुढची स्वतःहून मागतो. पुढचा सीझन येणार की नाही याचाच पत्ता नसलेली मालिका नवख्याला देऊ नये.

३. कथा थोडी सांगा, रंग जास्त सांगा

कथानक किती उघड करायचं यासाठी एक साधी मर्यादा पाळता येते: पहिल्या भागाच्या पूर्वार्धात जे कळतं, तेवढंच. रसायनशास्त्राच्या शिक्षकाला कर्करोग झाल्याचं कळतं आणि तो अमली पदार्थ बनवायला लागतो, एवढं ‘ब्रेकिंग बॅड’साठी पुरे.

‘शेवटी असा धक्का बसतो ना, तू कल्पनाच करू शकणार नाहीस!’ हे वाक्य मात्र टाळा. शेवट न सांगताही ते शेवटाची वाट लावतं. बघणारा पहिल्या भागापासून प्रत्येक पात्राकडे संशयाने बघत बसतो आणि ज्या साध्या प्रसंगांत मालिकेचा जीव असतो ते हातातून निसटतात. शिवाय सगळ्याच मालिका रहस्यावर उभ्या नसतात. २६ एप्रिल १९८६ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्राच्या चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला हे जगाला ठाऊक आहे. त्यावरची ‘चेर्नोबिल’ मालिका सुरू होते तीच मुख्य पात्राच्या मृत्यूने, म्हणजे कथेची दोन्ही टोकं आधीच हातात असतात. तरी ती खिळवून ठेवते, कारण प्रश्न ‘काय झालं’ हा नसून ‘खोटं कुणी, कधी आणि का बोललं’ हा आहे. शिफारशीत हे एक वाक्य आलं तरी पुरेसं आहे.

कथेऐवजी मालिकेची चाल सांगा. संवादांवर चालते की घटनांवर? हसू येतं का? फोन बाजूला ठेवावाच लागतो का? ‘डार्क’सारख्या जर्मन मालिकेत एकाच गावातली चार कुटुंबं १९५३, १९८६ आणि २०१९ अशा वेगवेगळ्या काळांत दिसतात. कोण कुणाचा कोण हे कागदावर मांडत बघायची तयारी असेल त्यालाच ती आवडेल. ज्याला दिवसभराच्या कामानंतर डोकं बाजूला ठेवायचं आहे त्याला ही सुचवणं म्हणजे शिक्षाच.

४. खटकेल ते लपवू नका

आवडत्या मालिकेचे दोष सांगताना जीव वर येतो, पण शिफारशीवर विश्वास बसतो तो त्यामुळेच. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ सुचवताना शेवटचा सीझन अनेक चाहत्यांनाही पटला नव्हता हे आधीच सांगा. हिंसा आणि नग्नता भरपूर आहे, हेही. ‘द वायर’ ही अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या पोलीस आणि अमली पदार्थांच्या धंद्याची मालिका. तिचा दुसरा सीझन ओळखीची माणसं मागे ठेवून थेट बंदरावर जातो आणि तिथे बरेच जण गळतात. तिसऱ्यात पुन्हा सूर सापडतो आणि शाळेवरचा चौथा तर माझ्या मते सगळ्यांत उत्तम आहे. हे माहीत असेल तर माणूस तेवढा टप्पा ओलांडतो.

काही गोष्टी खटकण्याच्या पलीकडच्या असतात. ‘चेर्नोबिल’च्या चौथ्या भागात माणसांनी मागे सोडलेली कुत्री मारण्याचा मोठा प्रसंग आहे. ज्याच्या घरात कुत्रा आहे त्याला हे सांगायलाच हवं. ‘दिल्ली क्राइम’च्या पहिल्या सीझनमध्ये २०१२च्या अत्याचाराचा तपास आहे. गुन्हा पडद्यावर दाखवलेला नाही, पण त्याचं वर्णन ऐकणंही सोपं नाही. समोरच्याचं आयुष्य तुम्हाला थोडंफार ठाऊक असतं, ते इथे वापरा.

५. कुठून सुरू करायचं ते सांगा

बहुतेक मालिकांना हा प्रश्न पडत नाही. काहींना पडतो. ‘ब्लॅक मिरर’चा प्रत्येक भाग स्वतंत्र आहे आणि पहिलाच इतका किळसवाणा आहे की अनेक जण तिथूनच परततात. त्यांना तिसऱ्या सीझनमधला ‘सॅन जुनिपेरो’ आधी बघायला सांगा. ‘बेटर कॉल सॉल’ची कथा काळाने ‘ब्रेकिंग बॅड’च्या आधीची आहे, पण बघायची नंतर. तिचं पहिलंच दृश्य ‘ब्रेकिंग बॅड’च्या शेवटानंतरचं आहे.

भाषेचंही सांगा. परकीय मालिका शक्यतो मूळ आवाजात, सबटायटल लावून बघायला सुचवावी. पण ज्यांना भरभर वाचायला त्रास होतो त्यांनी डबिंगमध्ये बघितलं तर काही बिघडत नाही. मालिका सध्या कुठल्या ॲपवर आहे हे मात्र त्याच दिवशी तपासा, मालिका एकीकडून दुसरीकडे जात राहतात.

६. एकच नाव, चार ओळींत

बोलण्यात सांगितलेलं नाव विसरलं जातं, म्हणून मेसेज पाठवा. साधारण असा:

‘चेर्नोबिल बघ. पाचच भाग, प्रत्येक तासाभराचा. अणुभट्टीच्या स्फोटापेक्षा तो लपवणाऱ्या माणसांची गोष्ट जास्त आहे. तुला तपासाच्या कथा आवडतात म्हणून सांगतोय. तिसरा आणि चौथा भाग जड आहे, जेवताना लावू नकोस.’

‘तुला आवडतात म्हणून’ हा तुकडा गाळू नका. आपला विचार करून निवडलंय हे त्यातूनच कळतं.

७. मग गप्प बसा

‘बघितलीस का?’ हे दर दोन दिवसांनी विचारलं की मालिका गृहपाठ होते. एकत्र बघत असाल तर ‘आता बघ हं, आता!’ असं म्हणत त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बसू नका. त्याने ती मधेच सोडली तर बाजू मांडायला जाऊ नका. कुठल्या भागात सोडली आणि काय कंटाळवाणं वाटलं, एवढं विचारा. पुढचं नाव त्या उत्तरावरून निवडायचं.