पायथॉनमध्ये कन्स्ट्रक्टर एक, इनपुट अनेक

जावात एका क्लासला अनेक कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार करणारी फंक्शन्स) चालतात. त्यामुळे जावाची सवय असलेला माणूस पायथॉनच्या क्लासमध्ये आधी दोन इनिट (__init__, ऑब्जेक्ट बनताना चालणारी मेथड) लिहून बघतो. एरर येत नाही. खालची व्याख्या वरचीला गुपचूप पुसून टाकते, इतकंच. मग सगळे एकाच इनिटमध्ये isinstance ने (इनपुटचा टाइप तपासणारं फंक्शन) इफ-एल्सची माळ लावतात. इथेच खरी गोची होते.

पैशांचा हिशेब ठेवणारा 'रक्कम' क्लास घ्या. रक्कम(५००) म्हणजे पाचशे रुपये की पाचशे पैसे? दोन्ही इंटिजरच, त्यामुळे टाइप कितीही तपासला तरी उत्तर मिळणार नाही. अर्थ नावातूनच सांगावा लागतो.

म्हणून इनिटला एकच रूप द्या: पैसे, पूर्णांकात. बाकी प्रत्येक वाटेला स्वतंत्र क्लासमेथड (ऑब्जेक्टवर नाही, थेट क्लासवर बोलावायची मेथड), उदाहरणार्थ रक्कम.रुपयांतून("१,२५,०००.५०"). (पायथॉन ३ मध्ये अशी देवनागरी नावं खरोखर चालतात.) आत आधी स्वल्पविराम काढा, नाहीतर डेसिमल (दशांश संख्या अचूक ठेवणारा पायथॉनचा टाइप) इनव्हॅलिड-ऑपरेशन ही एरर फेकतो. देवनागरी अंक मात्र त्याला थेट वाचता येतात. मग १०० ने गुणा, अपूर्णांक उरला तर व्हॅल्यूएरर द्या, आणि शेवटी सीएलएस(पैसे) परत करा (सीएलएस, म्हणजे cls: मेथड ज्या क्लासवरून बोलावली तो क्लास). तिथे सीएलएसऐवजी क्लासचं नाव लिहिलंत, तर सबक्लासवरून बोलावल्यावरही ऑब्जेक्ट मूळ क्लासचाच मिळेल.

फ्लोट (दशांश संख्या अंदाजे साठवणारा टाइप) घेऊच नका, सरळ टाइपएरर द्या. पूर्णांक बनवणाऱ्या int ला इथे इंट म्हणू: इंट(१९.९९ * १००) चं उत्तर १९९८ येतं, कारण गुणाकार १९९९ च्या किंचित खाली राहतो आणि इंट पुढचं छाटून टाकतो. एक पैसा गेला, आणि कुठे गेला ते शोधायला दिवस जातो.

इनिटमध्ये बूलची (ट्रू/फॉल्सचा टाइप) तपासणी इंटच्या आधी करा. बूल हा इंटचाच सबक्लास आहे, त्यामुळे चुकून ट्रू आलं तर मुकाट्याने एक पैशाची रक्कम तयार होते.

पायथॉन ३.८ पासून फंक्टूल्स या मॉड्यूलमध्ये सिंगल-डिस्पॅच-मेथड आहे: इनपुटच्या टाइपनुसार एकाच मेथडची वेगळी रूपं निवडणारा डेकोरेटर. पण तो फक्त पहिल्या पोझिशनल (नाव न देता, क्रमाने दिलेल्या) आर्ग्युमेंटचा टाइप बघतो. रक्कम(पैसे=५००) असं नावानिशी दिलं की मोडतो, आणि रुपये-पैशांचा घोळ त्यानेही सुटत नाही.

एकाच इनिटमध्ये अनेक टाइप घ्यायला हरकत नाही, पण सगळ्यांचा अर्थ एकच असेल तेव्हाच. फाइलचे पत्ते हाताळणाऱ्या पाथलिब मॉड्यूलचा पाथ स्ट्रिंगही घेतो आणि दुसरा पाथही, कारण दोन्हींचा अर्थ फाइलचा पत्ता असाच होतो. तारीख-वेळेच्या डेटटाइम क्लासला मात्र टाइमस्टॅम्प (सेकंदांच्या आकड्यातली वेळ) आणि आयएसओ मजकूर (ठरावीक नमुन्यात लिहिलेली तारीख) यांसाठी फ्रॉम-टाइमस्टॅम्प आणि फ्रॉम-आयएसओ-फॉरमॅट अशा वेगळ्या क्लासमेथड ठेवाव्या लागल्या.