इलेक्ट्रिक गिटारची बॉडी घरी नव्याने रंगवताना

हे काम पावसाळा सरल्यावरच हाती घ्यावे. लॅकरमधला थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्या ओल्या थरावर जमते आणि रंगावर दुधाळ झाक येते.

तारा, नेक (गिटारची मान), ब्रिज (बॉडीवरचा तारांचा आधार) आणि पिकअप (तारांची कंपने टिपणारे चुंबकी भाग) उतरवण्यापूर्वी वायरिंगचे फोटो काढून ठेवावेत. विशेषतः ब्रिजकडे जाणारी अर्थिंगची बारीक वायर लक्षात ठेवावी, कारण ती जोडायची राहिली तर अ‍ॅम्पमधून सतत गुणगुण ऐकू येते.

जुना थर कशाचा आहे, यावर पुढची मेहनत ठरते. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या 1950च्या दशकातील गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ थर असे आणि तो थिनरने विरघळतो. अर्थात असे जुने वाद्य हाती असेल, तर त्याला मुळीच हात लावू नये, कारण त्याचे मोल मूळ रंगातच असते. आजच्या बहुतेक स्वस्त गिटारींवर मात्र पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा जाड थर असतो, ज्यावर थिनरचा काहीच परिणाम होत नाही. तो हीट गनने मऊ करून बोथट पात्याने, लाकूड करपणार नाही अशा बेताने काढावा. मग 120, 180 आणि 220 नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासावे. लाकूड दबून खळगा पडला असेल, तर त्यावर ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवावी. वाफेने दबलेले लाकूड फुगून वर येते.

ॲश लाकडाची छिद्रे मोठी असल्याने ती बुजवायला फिलर लागतो, अल्डर किंवा बासवुडला सहसा लागत नाही. नेकच्या खाचेत मास्किंग टेप लावावी, कारण तिथे रंग साचला तर नेक नीट बसत नाही. त्यानंतर सँडिंग सीलरचे (लाकूड बंद करणाऱ्या पायाथराचे) दोन-तीन हात, रंगाचे तीन-चार आणि क्लिअर लॅकरचे सहा-आठ हात द्यावेत. प्रत्येक हात पातळ असावा. एकाच जाड हातात काम उरकू पाहिल्यास रंग ओघळतो आणि आतून ओलाच राहतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि थिनरची वाफ शोषणाऱ्या ऑरगॅनिक व्हेपर काडतुसांचा मास्क वापरावा. हार्डनर घालून मारायचा टू-के पॉलियुरेथेन घरी वापरूच नये, कारण त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते.

बॉडी किमान तीन-चार आठवडे टांगून ठेवावी. नाक जवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल, तर ती अजून सुकलेली नाही. पुढे 1000 ते 2000 नंबरच्या वॉटर पेपरने घासताना दोन जागा जपाव्यात. कडांवर थर सर्वांत पातळ असतो, म्हणून तिथे ठोकळा टेकवू नये. स्क्रूच्या भोकांत पाणी शिरले तर लाकूड फुगून भोवतीचा लॅकर तडकतो, म्हणून ती आधीच मेणाने बुजवावीत. शेवटी गाड्यांसाठी मिळणारे रबिंग कंपाउंड मऊ फडक्याने फिरवून चमक आणावी आणि गिटार जोडून तारा चढवल्यावर ॲक्शन (तारांची उंची) व इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर अचूक येणे) पुन्हा लावून घ्यावे.