पोटगीचा अर्ज लवकर टाका, पावत्या जपा

घटस्फोट झाला म्हणजे पोटगीचा हक्क संपला, हा समज चुकीचा. पुनर्विवाह न केलेली घटस्फोटितही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 125) नागपूरच्या कुटुंब न्यायालयात अर्ज करू शकते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली तर नवराही मागू शकतो. ऐकून पुष्कळांच्या भुवया उंचावतात, पण आहे तसं.

रकमेचं ठरलेलं सूत्र नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही मालमत्ता, उत्पन्न आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. पगार कमी दाखवून काटोलची संत्र्याची बाग लपवणाऱ्याची इथेच अडचण होते, सातबारा ऑनलाइन निघतो ना! तुम्हीही घरभाडं, औषधं, मुलांची फी यांच्या पावत्या जपा. याच निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, म्हणून ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणणं महागात पडतं.

कलम 144 ची पोटगी थकली, तर रक्कम देय झाल्यापासून वर्षभरात वसुलीचा अर्ज करा. वकिलाच्या फीची चिंता असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.