पेडल स्टीलच्या दहा तारा: जास्तीच्या कुठल्या घेऊन ठेवायच्या

हवाईयन गिटारवरून आलेला माणूस पेडल स्टीलवर, म्हणजे पायाच्या पेडलनं तारांचे सूर बदलणाऱ्या आडव्या गिटारवर, पहिल्यांदा अडखळतो तो वरच्या तीन तारांवर. सगळ्यात चढा सूर पहिलीचा नाही, तिसरीचा. मी ई-नाईन ट्यूनिंगचं, म्हणजे तारा सुरात लावायच्या एका नेहमीच्या पद्धतीचं सांगतोय. आमच्या कोल्हापुरात ऑर्केस्ट्रातली पोरं सरगमवर वाढलेली, म्हणून मी त्यांना तसंच समजावतो. ई ला सा धरा. ४ आणि ८ नंबरच्या तारा म्हणजे सा, ३ आणि ६ गंधार, ५ आणि १० पंचम. राहिल्या चार: १ आणि ७ रिषभ, २ शुद्ध निषाद, ९ कोमल निषाद.

'ए' पेडल दाबलं की पंचमाचा धैवत होतो, 'बी' दाबलं की गंधाराचा मध्यम. दोन्ही एकदम दाबा, तारांवर धरलेला धातूचा बार जागचा न हलवता सा चा कॉर्ड मध्यमाचा झाला! ही सगळी करामत सा-ग-प च्या सहा तारांवर चालते.

तीन तारा एकदम छेडायच्या, बोटांच्या नेहमीच्या पकडी चार: ३-४-५, ४-५-६, ५-६-८, ६-८-१०. यात पाचवी आणि सहावी तीन-तीनदा येतात, चौथी-आठवी दोनदा. नवख्यानं आधी एवढ्यावरच हात बसवावा.

पण तुटायला म्हणाल तर तिसरीच. ०.०११ इंचाची बारीक तार, त्यात सूर सगळ्यात चढा आणि वर 'बी' पेडल तिला आणखी ओढणार. जाड तार लावून बघू म्हणाल तर तेवढ्याच लांबीवर तोच सूर काढायला ताणही त्या मानानं वाढतो, पदरात काही पडत नाही. मिरजेहून सतारीची तार आणायचाही सल्ला मिळतो. सतारीवर ती कितीतरी खालच्या सुरात असते हो, इथं तिच्या भरवशावर राहू नका. इथल्या दुकानात पेडल स्टीलचा सेट मागितला की दुकानदार तोंडाकडे बघतो. त्यापेक्षा अकराची (०.०११ इंची) सुटी प्लेन, म्हणजे वर वेढे नसलेली तार मागा, गिटारची चालते. गणपतीच्या सुपाऱ्या सुरू व्हायच्या आत अशा तीन-चार पेटीत टाकाव्यात, आणि पाचवीच्या दोन.

१ आणि २ या तारा अमेरिकन पेडल स्टील वादक बडी एमन्सनं १९६२ च्या सुमारास घातल्या. भरभर ताना घ्यायला झकास, पण संथ भावगीतात त्यांना हात लागत नाही. सातवी सा-रे-ग चालताना मधे लागते. नववीची गरज सेव्हन्थ कॉर्डला, एरवी ती उपाशीच. या चौघी तुटून नाही, गंजून जातात. आपला पाऊस माहीतच आहे, वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं दहाही पुसायच्या.

तार तुटली की तुकडा लगेच टाकू नका, कुठं तुटली ते बघा. चेंजरच्या (तारा ओढणाऱ्या यंत्रणेच्या) माथ्यावर, म्हणजे पेडल दाबल्यावर तार जिथं वळते तिथंच दरवेळी तुटत असेल, तर चेंजरच्या त्या तारेखालच्या धातूच्या बोटावर नख फिरवून बघा. खाच लागली तर बारीक पॉलिश पेपरनं ती घालवा आणि मगच नवी तार चढवा.